मुठीचं वजन

घंटा एकदा वाजवली तर पाणी, दोनदा वाजवली तर ताक, असं आमचं ठरलेलं होतं. त्या शुक्रवारी मी ती वाजवतच सुटले. हौसाबाई आधी तांब्या घेऊन आल्या, मग ताक, मग मीठ. शेवटी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “आता काय आरती म्हणायची का, मंदाबाई?”

माझ्या तोंडात पुरणपोळीचा घास होता. समोर तेजश्री उभी होती. तिने फोनवर लावलेल्या व्हॉइस मेसेजमधून लेस्टरचे अजगावकर हसत हसत बोलत होते. इंग्लंडात त्यांचं किराणा दुकान होतं, आणि आमची चटणी परदेशात मागणारे ते पहिलेच.

“नमस्कार मंडळी! सहाही बाटल्या काल संध्याकाळी पोचल्या, एकही फुटली नाही. आता तुम्हाला गंमत सांगतो. आमच्या नातीला, ईराला, शेंगदाण्याचं भयंकर वावडं. घरात दाणा म्हणून येत नाही. पोरगी सात वर्षांची झाली, पण गावची चटणी काही तिने अजून चाखलेली नाही. तुमच्या कागदावर ‘शेंगदाणे नाहीत’ वाचलं आणि सूनबाईला म्हटलं, आज जिवतीचा शुक्रवार, लाव थालीपीठ. तवा तापलाय, बाईसाहेब ताटावर येऊन बसल्यात. कशी लागली ते कळवतोच!”

निरोप संपला. तेजश्रीचा चेहरा फुलला होता. “काकू, ऐकलंत? दिवाळीची आठशे बाटल्यांची ऑर्डर पक्की समजा!”

मी घंटा वाजवत होते.

त्या चटणीत शेंगदाण्याचं कूट होतं. माझ्या हाताने घातलेलं.

या गोष्टीला आता आठ वर्षं होतील. संगमनेरात बाजारपेठेच्या मागे आमचा गाळा होता. नऊ बायका मिळून आम्ही चटण्या करायचो. भट्टीवर हौसाबाई गायकर, अकोल्याकडच्या. त्यांच्या हाताला कारळे भाजायचं जे अंग होतं ते मी दुसऱ्या कुणाच्या हाताला पाहिलं नाही. कागदपत्रं तेजश्री वाकचौरे बघायची, नुकती कॉमर्स झालेली, चटपटीत मुलगी. आणि मसाला माझा. कारळ्याची चटणी ही माझ्या सासूबाईंची. कारळे, लसूण, लाल मिरची, जिरं, मीठ. कारळं जरा कडवट लागतं, म्हणून शेवटी त्या एक मूठ दाण्याचं कूट टाकायच्या. ती मूठ त्यांनी कधी कुणाला सांगितली नाही आणि मी कधी वहीत लिहिली नाही. ते जिन्नसात धरायचंच नसतं, असं मला वाटायचं. हात धुतल्याचं कुणी पाककृतीत लिहितं का?

माल बाहेर पाठवायचा म्हणून त्या उन्हाळ्यात मी आणि तेजश्री नाशिकला दोन दिवसांच्या मार्गदर्शन वर्गाला जाऊन आलो होतो. तिथे केळुसकर सर शिकवायला होते. उभा जन्म मुंबईच्या बंदरात माल चढवण्यात गेलेला माणूस. परवाने, नोंदणी, पेटीवर काय छापायचं, विमा कसा उतरवायचा, सगळं त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. आणि जाता जाता मला म्हणाले, “बाई, इथे गिऱ्हाईक तुमच्या दारात येऊन विचारतं, यात काय आहे हो? तिथे तुम्ही नसता. बाटली मुकी असते. तुम्ही कागदावर लिहाल तेवढंच ती बोलणार.”

त्या वेळी मी नुसती मान हलवली होती.

मुकं राहण्याचं मला काही नवल नव्हतं. त्याच्या चार वर्षं आधी आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी नेम धरला, चातुर्मासात दुपारी एकदाच जेवायचं, तेही मौनाने. घास तोंडात असताना शब्द निघाला तर ताटावरून उठायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अन्नाला शिवायचं नाही. हे हळूहळू काठी धरून चालू लागले, बोलू लागले. माझा नेम त्या चार चातुर्मासांत एकदाही मोडला नव्हता. माझ्या मनात दोन्हीची गाठ पक्की बसली होती. मी गप्प आहे तोवर ह्यांना काही होणार नाही.

म्हणून त्या शुक्रवारी मी घंटा वाजवत होते. दोन्ही हातांनी बाटली दाखवली, मग नाही नाही म्हणून हात हलवले, मग गळ्याशी हात नेला. तेजश्री हसली. “तिखट लागेल म्हणता त्यांना? लागू द्या की!”

हौसाबाई म्हणाल्या, “ठसका लागला जनू बाईला. पाठीत धपका मार, पोरी.”

मला तवा दिसत होता. कधी न पाहिलेल्या घरातला, कधी न पाहिलेल्या पोरीच्या पुढ्यातला. सकाळीच मी जिवतीची पूजा केली होती. मुलं परगावी असली की चारी दिशांना अक्षता टाकतात, तशा माझ्या मुलासाठी पुण्याच्या दिशेला टाकल्या होत्या, बाकीच्या तीन दिशांना रीतीप्रमाणे. पश्चिमेला टाकलेल्या चार दाण्यांत कोण येतं, याचा मी कधी विचार केला नव्हता.

मी घास हातात काढला.

“फोन लाव,” मी म्हणाले. “त्यांना सांग खाऊ देऊ नका. त्यात दाणे आहेत.”

भट्टीजवळच्या बायका वळून बघायला लागल्या. चार चातुर्मासांत त्यांनी जेवताना माझा आवाज ऐकला नव्हता.

“काकू, तुम्ही बोललात,” तेजश्री म्हणाली. आणि मग तिला उरलेलं वाक्य कळलं. तिचा रंगच उडाला. “दाणे? आपल्या कारळ्यात?”

“मूठभर. लाव फोन.”

पहिल्यांदा रिंग वाजून वाजून थांबली. दुसऱ्यांदाही तेच. तेजश्रीच्या हातून नंबर चुकत होता. “निरोप कधी आलाय?” मी विचारलं.

“नऊ मिनिटं झाली.” ती एकदम रडायला लागली. “काकू, माझं चुकलं. मी तुम्हाला विचारलं होतं त्या मंगळवारी, तुम्ही जेवत होतात, तुम्ही हात केलात, मला वाटलं…”

तिला तसं वाटलं हे खरंच होतं. दहा दिवसांपूर्वीची गोष्ट. कुरियरवाला दारात उभा होता आणि मी ताटावर बसलेले. इंग्लंडच्या कागदावर, ज्यांचं कुणाला वावडं असतं अशा चौदा पदार्थांची यादी असते, त्यातलं काय तुमच्या मालात आहे ते लिहून द्यावं लागतं. तेजश्री एकेक नाव वाचत होती आणि मी मानेने नाही नाही करत होते. दूध? नाही. मोहरी? नाही. तीळ? नाही. मासे म्हटल्यावर हौसाबाई खो खो हसल्या होत्या. मग ती म्हणाली, “शेंगदाणे?” आणि मी हाताचा पंजा वर केला. माझ्या मनात होतं, थांब, एवढा घास होऊ दे. तिला ते ‘नाही’ दिसलं. आणि खूण करून पुढे गेली.

“तुझं चुकलं नाही,” मी म्हणाले. “परत लाव.”

तिसऱ्यांदा फोन उचलला गेला.

“अहो बोला बोला, शंभर वर्षं आयुष्य! आत्ताच तुमचं नाव…”

“अजगावकर, ईराला खाऊ देऊ नका!” मी ओरडले. मी! माझा आवाज स्वयंपाकघरातून ओटीपर्यंत जात नाही म्हणून सासूबाई मला हसायच्या. “त्यात शेंगदाण्याचं कूट आहे!”

पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज. “मृण्मयी! मृण्मयी, तिच्या हातातलं घे! दाणे आहेत त्यात!” एका बाईची किंकाळी आली. ताटली फुटली. आणि या सगळ्याच्या मागे, अगदी बारीक, एका लहान मुलीचा खोकला. कोरडा. परत परत.

मग फोन बंद झाला.

त्यानंतरची पंचेचाळीस मिनिटं मला आजही मिनिटामिनिटाने आठवतात. परत फोन करायचा नाही, असं मीच म्हणाले. त्यांना फोन डॉक्टरसाठी लागेल. हौसाबाईंनी कुणी न सांगता भट्टी विझवली. कढईतले कारळे नुसतेच तडतडत राहिले आणि हळूहळू थांबले. माझं ताट तसंच पडलं होतं, पुरणपोळीवरचं तूप थिजून पांढरं झालं होतं.

मी देवाचं काही म्हणू गेले तर शब्दच आठवेनात. रोजचं पाठ असलेलं स्तोत्र, ओळीच सापडेनात. कानात तो खोकला. मधेच वाटलं, आत्ता घरून कुणी धावत येईल आणि म्हणेल, ताई, लवकर चला, साहेबांना काहीतरी होतंय. मी दाराकडे बघत होते. दारातून कुणी येऊ नये आणि फोनमधून कुणी यावं, एवढंच मागत होते.

गाळ्याच्या कोनाड्यात हळदीकुंकवाच्या करंड्याजवळ तांदूळ होते. मी चार दाणे उचलले आणि मागच्या खिडकीतून मावळतीकडे टाकले.

“कुनासाठी?” हौसाबाई हळूच म्हणाल्या.

“तिच्यासाठी.”

त्यांनीही चार टाकले.

तेजश्री कोपऱ्यात पोत्यावर बसून आपल्याशीच बोलल्यासारखं बोलत होती. “मी परत विचारायला पाहिजे होतं. केळुसकर सरांनी सांगितलं होतं ना, शंका असेल तर तीनदा विचारा. मी एकदाच विचारलं. मला पोलीस पकडतील का हो, काकू? तिला काही झालं तर…”

“गप बस,” हौसाबाई म्हणाल्या. “काय होनार नाय.” पण त्यांचा हात पदराशी चाळा करत होता.

मी काहीच म्हणाले नाही. आणि हे लिहिताना मला अजून घाम फुटतो, की मी काहीच म्हणाले नाही.

फोन वाजला तेव्हा तेजश्रीने तो माझ्याकडे ढकलला, जसा काही निखारा. मी तो सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

“मी मृण्मयी बोलतेय. ईराची आई.” आवाज थकलेला, कुठेतरी दुरून चाकांचा, पावलांचा आवाज. “ती आहे. श्वास घेतेय. एकच घास खाल्ला होता. ओठ सुजले, घसा आवळायला लागला. माझ्याकडे तिचं इंजेक्शन असतं, मांडीत टोचायचं, ते दिलं. आता दवाखान्यात आहोत, संध्याकाळपर्यंत ठेवणार आहेत.”

हौसाबाईंनी कोनाड्याकडे वळून हात जोडले.

“डॉक्टर विचारताहेत, दाणा किती होता?”

“चार किलोला एक मूठ.”

“एक मूठ म्हणजे किती?”

“माझी मूठ,” मी म्हणाले.

मग ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला, त्यानेच मी जास्त घाबरले. “कागदावर ‘नाही’ लिहिलंय. बाबांनी तो मला दाखवला म्हणून मी वाढलं. माझ्या हाताने. नाहीतर मी माझ्या मुलीला बाहेरचं पाणीसुद्धा देत नाही. ते ‘नाही’ कुणी लिहिलं?”

तेजश्री उठून उभी राहिली. हुंदका आवरत ती फोनजवळ आली. “मॅडम, मी लिहिलं. काकूंचं मौन होतं, त्यांनी थांब म्हणून हात केला, मला नाही वाटलं. माझी चूक आहे. त्यांना माहीतच…”

“तेजश्री,” मी म्हणाले.

“माहीतच नव्हतं, काकू, खरंच…”

“तेजश्री, थांब.” या वेळी मी तोंडाने म्हणाले. मग फोनजवळ वाकले. “मृण्मयी, त्या कागदाखाली सही आहे ना, ती बघा. मंदाकिनी कुलथे. ती मी आहे. हात धुऊन आल्यावर हा कागद माझ्या पुढे आला होता. मला वाचता येतं. चौदा ओळी मी वाचल्या. शेंगदाण्यापुढे ‘नाही’ लिहिलेलं मी पाहिलं.”



“मग?” मृण्मयी म्हणाली.

“तुमच्या सासऱ्यांनी पहिल्याच फोनवर सांगितलं होतं, दाण्याची चटणी नको, कारळ्याचीच पाठवा. का, ते मी विचारलं नाही. मूठभर कुटाने काय होतंय, असं मला वाटलं. खोडलं तर ऑर्डर जाईल असं वाटलं. कुरियरवाला घाई करत होता. मी सही केली.” “जेवण तेव्हाच संपलं होतं. माझं मौन तिथे संपायला पाहिजे होतं. मी ते दहा दिवस पाळलं. रोज तुळशीपाशी एक वात जास्त लावत होते.”

तेजश्री माझ्याकडे बघत होती. तिची ती नजर मी कधी विसरले नाही. त्यात राग नव्हता. त्यात फक्त, एवढा वेळ मी रडत होते तेव्हा तुम्ही बघत होतात, एवढंच होतं.



“तुम्ही फोन केला नसतात,” मृण्मयी म्हणाली, “तर मी तिखटाला दोष देत बसले असते. आधी पाणी पाजलं असतं, वाट बघितली असती. इंजेक्शन उशिरा दिलं असतं. हे मला कळतंय.” ती थांबली. “पण मी आत्ता तुमच्याशी जास्त बोलू शकत नाही. राहिलेल्या पाच बाटल्या मी फेकून देतेय. परत फोन करू नका.”

“नाही करणार,” मी म्हणाले.

संध्याकाळी घरी गेले. जिन्याखाली उभी राहून मी कान देऊन ऐकलं. वरून काठीचा आवाज आला, टक, टक, आणि मग ह्यांचा अडखळता आवाज, “आज उ-उशीर?” मी पायरीवरच बसले आणि रडले.

सगळं सांगितल्यावर हे बराच वेळ शब्द जुळवत राहिले. मग म्हणाले, “तू चार वर्षं… माझ्यासाठी गप्प?”

“हो.”

“मला वाटलं… तुला घरचं जेवण आवडत नाही.”

रडतारडता मला हसू फुटलं. मग ते गंभीर झाले. चांगल्या हाताने त्यांनी माझं मनगट धरलं. “मी डॉक्टरांच्या गोळ्यांनी बरा झालो, मंदा. तू बोल.”

त्या दिवाळीची ऑर्डर हातची गेली. आठशे बाटल्यांच्या आशेवर आणून ठेवलेले कारळे आम्ही इथल्याच बाजारात विकले. हौसाबाई दोन महिने मला “सहीवाल्या बाई” म्हणायच्या. तोंडावर म्हणायच्या, म्हणून मला ते सोसायचं. तेजश्री चार दिवस कामावर आली नाही. पाचव्या दिवशी आली, ती हातात नवी वही आणि सोनाराकडे असतो तसला छोटा वजनकाटा घेऊन. माझ्याकडे न बघता म्हणाली, “सरांना फोन केला होता मी. ते म्हणाले, जे हातात आहे ते आधी कागदावर आणा. करा मूठ, काकू.”

मी कुटाच्या डब्यात हात घातला. नेहमीसारखी मूठ भरली आणि काट्यावर सोडली. बायका गोळा झाल्या.

“सदतीस ग्रॅम,” तेजश्रीने वाचलं.

“परत,” हौसाबाई म्हणाल्या.

परत केली. एकेचाळीस. तिसऱ्यांदा छत्तीस. सासूबाईंपासून चालत आलेल्या त्या मुठीला पहिल्यांदाच वजन मिळालं. तेजश्रीने तिन्ही आकडे लिहिले आणि वही मिटली.

दुपारी मी ताटावर बसले. घंटा मी घरीच ठेवून आले होते. तेजश्री समोर येऊन बसली, मांडीवर तीच चौदा पदार्थांची यादी. मी पहिला घास घेईपर्यंत ती थांबली. मुद्दाम थांबली, हे मला कळलं.

“दूध?” तिने विचारलं.

मी मान हलवायला गेले. ती पेन उचलेना.

“काकू, मला खुणा कळत नाहीत.”

मी घास गिळला. “नाही,” मी म्हणाले.

“मोहरी?”

“नाही.”

“तीळ?”

“कारळ्याच्या त्याच कढईत भाजतो. लिही.”

तिने लिहिलं. हौसाबाईंचा झारा थांबला होता. तेजश्रीने मान वर केली आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं.

“शेंगदाणे?”

“हो,” मी म्हणाले, भट्टीपर्यंत ऐकू जाईल असं. आणि पुढचा घास घेतला.